त्र्याऐंशी टक्क्यांवरची सुनावणी

त्र्याऐंशी टक्क्यांवर आकडा थांबला तसे काकांनी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. आपला धक्का लागून तो मागे जाईल, अशी त्यांना भीती वाटत असावी. दुरुस्तीवालीनं हाताची घडी घातली. काकू ओला फडका हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पडद्यावरचं वर्तुळ आणखी मिनिटभर गरगरलं, दमल्यासारखं थांबलं, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली. अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही. केलेले बदल मागे घेत आहोत. कृपया संगणक बंद करू नका.

"ये रे माझ्या मागल्या," काकू म्हणाल्या आणि फडका घेऊन आत गेल्या.

सकाळपासूनची ही तिसरी वेळ. त्याआधी काकांनी एकट्यानं केलेले पाच प्रयत्न वेगळेच. आठही वेळा गाडी त्र्याऐंशीपर्यंत शहाण्यासारखी आली होती आणि तिथे हटून बसली होती.

दुरुस्तीवालीचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं आणि ती सहसा कुणाच्या घरी जात नसे. पण काका लॅपटॉप दुकानात आणायला तयार नव्हते. त्यांनी पस्तीस वर्षं सरकारी खात्यात जमिनी मोजल्या होत्या. मोजणीचं यंत्र जागेवरून हललं की माप चुकतं, हा त्यांचा सिद्धान्त लॅपटॉपलाही लागू होता. तिनं फोनवर पुष्कळ समजावलं. शेवटी, "काका, मी येते, पण तुम्ही आता फोन ठेवा," असं म्हणून ती आली. चाळिशीची, आखूड केसांची, माणसांशी फटकळ बाई. यंत्रांशी मात्र आजारी लेकराशी बोलावं तसं बोलायची. "काय झालं रे तुला? कुठे दुखतंय?" असं तिनं लॅपटॉपला विचारलं, तेव्हा काकांनी खुर्ची थोडी मागे घेतली होती.

जे करायचं ते सगळं तिनं करून पाहिलं होतं. इंटरनेट तपासलं. घड्याळ आणि तारीख तपासली. प्रिंटर आणि माउस काढून बाजूला ठेवले. अँटीव्हायरस थोडा वेळ झोपवला. अर्धवट उतरलेलं अपडेट पुसून सगळं नव्यानं उतरवलं. आपला दोष आपणच शोधणारा एक प्रोग्राम लॅपटॉपमध्ये असतो, तोही चालवला. त्यानं पाच मिनिटं विचार केला आणि 'कोणताही दोष आढळला नाही' असा निर्वाळा दिला. घरातल्या कर्त्या पुरुषाकडून याहून वेगळं काय निघणार, असं काकू आतून म्हणाल्या.

"सोमवार म्हणजे परवाच आला," काका म्हणाले. सकाळपासून हे वाक्य त्यांनी चार वेळा म्हटलं होतं.

सोमवारी दहा वाजता त्यांचा वर्ग होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं काकांनी राहतं घर चारदा मोजलं होतं. स्वयंपाकघराची भिंत दोन बोटं तिरकी आहे, हे त्यांनी काकूंना आणि बिल्डरला लेखी कळवलं होतं. बिल्डरनं उत्तर दिलं नव्हतं आणि काकूंनी दिलं होतं. अशात मोजणी शिकवणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. तीस विद्यार्थी, आठवड्यातून तीन वर्ग, घरबसल्या, लॅपटॉपवरून. पत्र आलं त्या दिवशी काका बाजारात जाऊन नवी पेन्सिल घेऊन आले होते. पण संस्थेचा वर्ग भरायचा तो एका नव्या प्रोग्राममधून, आणि तो प्रोग्राम जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडायलाच तयार नव्हता. आधी अपडेट, मग वर्ग. संस्थेतल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं होतं की सोमवारी जमत नसेल तर हरकत नाही, दुसरे एक सर तयार आहेत.

ते 'दुसरे एक सर' तेव्हापासून काकांच्या उशाशी येऊन बसले होते.

"काका," दुरुस्तीवाली म्हणाली, "मी फोनवर विचारलं होतं, आत जागा किती मोकळी आहे. तुम्ही म्हणालात बारा जीबी."

"बाराच आहे. स्वतः पाहून सांगितलंय. मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा सांगत नाही."

"कुठे पाहिलीत, दाखवा बरं."

काकांनी चष्मा सारखा केला, लॅपटॉप पुन्हा जागा होईपर्यंत धीर धरला आणि मग आपली ईमेल उघडून डाव्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे खरंच बारा लिहिलं होतं.

"ही तुमच्या ईमेलची जागा," ती म्हणाली. "ती या लॅपटॉपमध्ये नसतेच. ती कंपनीकडे, कुठल्या तरी दूरच्या देशात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही शेजारच्याचा प्लॉट मोजून आलात."

आत भांडं घासण्याचा आवाज थांबला. काकू हसल्या नाहीत, पण न हसण्याचाही एक आवाज असतो आणि तो भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आला. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पस्तीस वर्षांत त्यांच्या मोजणीवर एकही अपील टिकलं नव्हतं.

खरी जागा तिनं शोधली तेव्हा ती जेमतेम दीड जीबी निघाली. अपडेटला लागत होती दहा. बिचारं सामान घेऊन दारापर्यंत यायचं, आत पाय ठेवायला जागा नाही म्हणून आल्या पावली परत जायचं. तिनं कपाळावर हात मारला. दुखणं सापडलं की तिचा राग उतरत असे.

"आता बघू, इतकी जागा खाल्ली कुणी," असं म्हणत तिनं फायलींची यादी आकारानं लावली. काकांचे नकाशे, काकांची पत्रं, एका सहलीचे चारशे फोटो, हे सगळं खाली चिल्लरसारखं पडलं होतं. सगळ्यात वर एकच फोल्डर. त्यानं निम्म्याहून जास्त लॅपटॉप व्यापला होता. नाव होतं, 'प्रकरण क्र. १'.

त्याच्या आत तीन फोल्डर होते. 'मूळ प्रत', 'दुय्यम प्रत' आणि 'कार्यालयीन प्रत'. तिन्हींत त्याच दोनशे सहा फायली, प्रत्येकीवर तारीख आणि 'निशाणी' म्हणून क्रमांक.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"मला काय विचारता? लॅपटॉप तुमचा."

"ते माझं आहे," काकू म्हणाल्या. त्या कधी येऊन मागे उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. "त्याला हात लावायचा नाही."

काकू एकतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये होत्या. न्यायाधीश आले-गेले, वकील म्हातारे झाले, काकू आणि कपाटं तिथेच होती. कुठल्या सालचा कुठला कागद कुठल्या फळीवर आहे, हे त्या डोळे मिटून सांगत. एक कागद हरवला तर दुसरा असावा आणि दुसरा उंदरांनी खाल्ला तर तिसरा, म्हणून तिथे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवत. ती सवय त्यांनी घरी आणली होती. किराणामालाच्या यादीचीसुद्धा एक कार्यालयीन प्रत फ्रिजवर चिकटवलेली असे.

"आवाजाच्या फायली आहेत," दुरुस्तीवाली पडदा न्याहाळत म्हणाली. "आठ-आठ तासांच्या. कसले आवाज आहेत, काकू?"

काकूंनी फडका खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला. मग बोटानं काका दाखवले.

"यांचे. घोरण्याचे."

"मी घोरत नाही," काका म्हणाले.

"पाहिलंस?" काकू दुरुस्तीवालीला म्हणाल्या. "चौतीस वर्षं हेच. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, अहो, तुम्ही घोरता. तर म्हणे, मी घोरत नाही. तेव्हापासून माझी झोप म्हणजे पाखराची झोप. पान हललं की जाग येते. चौतीस वर्षांत मी एक रात्र सलग झोपलेले नाही, आणि हे म्हणतात, मी घोरत नाही. चोराच्या उलट्या बोंबा!"

"माणूस घोरत असेल तर त्याला स्वतःला कळणार नाही का?" काका म्हणाले.

"म्हणून तर पुरावा ठेवला. रोज उशाशी फोन ठेवायचा, सकाळी उठून लॅपटॉपवर चढवायचा, तारीख घालायची, तीन प्रती काढायच्या. सात महिने होत आले. एक दिवस चुकवला नाही."

"मला तर म्हणायचीस, गजर लावते!"

"आरोपीला सांगून कुणी पुरावा गोळा करतं का?"

दुरुस्तीवालीनं घड्याळाकडे पाहिलं. दुकानात आणखी चार लॅपटॉप उघडे पडले होते. "काकू, तीन प्रती कशाला हव्यात? एक ठेवा, दोन पुसू. दोन मिनिटांचं काम आहे. काकांचा वर्ग होईल, तुमचा पुरावाही राहील."

"तीन म्हणजे तीन. दोन प्रती गहाळ झालेलं रेकॉर्ड कोण मानतं?"

"बरं, मग माझ्याकडे बाहेरची डिस्क आहे. तिच्यावर हलवते सगळं."

"तिऱ्हाइताच्या ताब्यात?" काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं डिस्क गुपचूप पिशवीत परत ठेवली. "हे बघ बाळ, तुझ्यावर अविश्वास नाही. पण प्रकरण चालू आहे. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जागचा हलत नाही आणि नष्ट तर होतच नाही. नियम मी केलेला नाही."

"मग निकाल कधी लागणार?"

"आरोपीनं मनावर घेतलं तर आत्ता लागेल. मला काही शिक्षा करायची नाहीये. एकदा तोंडानं म्हणा, हो, मी घोरतो. की मी स्वतःच्या हातानं सगळं पुसते. परवाचे दोन सदरे मी इस्त्री करून ठेवलेत. मला काय, यांचा वर्ग व्हायला नकोय?"

काकूंना काय हवं होतं ते अगदी साधं होतं, आणि चौतीस वर्षं मिळालं नव्हतं. आपण म्हणतो ते खरं आहे, एवढं एकदा कुणी तरी म्हणावं. हे दुरुस्तीवालीलाही कळलं. तिनं काकांकडे पाहिलं. आता हा माणूस दोन शब्द बोलेल आणि मी दुकानात जाईन, असं तिला वाटलं.

काकांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. जे नाही ते आहे म्हणून त्यांनी कुठल्याही नकाशावर कधी दाखवलं नव्हतं. एकदा एका मंत्र्याच्या विहिरीसाठी त्यांची बदली झाली होती, पण विहीर नकाशावर जिथे होती तिथेच राहिली.

"जे मी करत नाही ते मी करतो म्हणून सांगणार नाही," ते म्हणाले. "वर्ग गेला तरी."

"जाईल मग," काकू म्हणाल्या.

"जाऊ दे. ते दुसरे सर आहेतच." त्यांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक पाहिलं, परत ठेवली. मग एकदम ताठ झाले. "नाही तर असं करा ना. वाजवा! वाजवा एक फाइल इथेच. होऊन जाऊ दे. काही असेल तर निघेल आणि नसेल तर ही माझी माफी मागेल."

"वाजवायची असेल तर सुनावणी रीतसर होईल," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "तोंडी काही चालणार नाही. थांबा, मी नोंदवही आणते. कार्बन कुठे ठेवलेत कोण जाणे." आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग वरच्या फळीवरून काही तरी खाली काढल्याचा.

"काकूंनी हे कधी तरी ऐकलं असेल ना?" दुरुस्तीवालीनं हळू आवाजात विचारलं.

"अगं, ऐकलंस का तू हे?" काकांनी आत हाक दिली.

"मी कशाला ऐकू?" आतून उत्तर आलं. "रेकॉर्ड ठेवायचं असतं. एकतीस वर्षांत मी एकही खटला वाचला नाही. वाचत बसलं की कपाटं नीट राहत नाहीत."

दुरुस्तीवालीनं पिशवीतून हेडफोन काढला. लॅपटॉपचा स्पीकर सकाळपासून घशात अडकल्यासारखा बोलत होता, आणि फाइल मुळात धड आहे की नाही हे सुनावणीआधी पाहून ठेवावं, असा तिचा सरळ हेतू होता. शितावरून भाताची परीक्षा. तिनं मधलीच एक निशाणी उघडली आणि हेडफोन कानाला लावला.

घोरणं होतं. दणदणीत होतं. आधी लांब करवत ओढल्यासारखं, मग बारीक शीळ, मग क्षणभर काही नाही, आणि पुन्हा करवत. तिनं मान डोलावली. काकांची काही धडगत नव्हती. तेवढ्यात त्या करवतीच्या आवाजावरच सपाता घासत चालल्याचा आवाज आला. खिडकीची कडी लागली. आणि करवत चालूच असताना, अगदी जवळून, काकांचा जागा आवाज आला. "गार लागेल तुला. हं. जरा कुशीवर हो बघू."

करवत थांबली. शिळेवर आली. पुन्हा सुरू झाली. मग पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं आणखी एका पानाचा.

तिनं तासभर पुढे जाऊन पाहिलं. करवत होती आणि पानंही होती. तिनं दुसरी निशाणी उघडली, दोन महिन्यांनंतरची. तिच्यातही तेच, फक्त पुस्तक संपलं असावं, कारण पाणी ओतल्याचा आवाज होता आणि काकांनी स्वतःशीच पुटपुटलेला कसला तरी कोनाचा हिशेब होता. तिनं तिसरी उघडली. तिच्यात मात्र करवती दोन होत्या, एक जाड आणि एक बारीक, आणि त्या इतक्या तालात चालल्या होत्या की एखाद्यानं खुशाल बसून दाद द्यावी.

तिनं हेडफोन काढला आणि काही न बोलता काकांच्या पुढे धरला.

काकांनी पहिली निशाणी ऐकली. ती त्यांच्याकडे बघत होती. चौतीस वर्षांचा दावा आपण जिंकलोय हे कळल्यावर माणूस उडी मारेल, निदान टेबलावर थाप मारेल, असं तिला वाटलं होतं. काकांनी तसलं काही केलं नाही. ते ओळखीचं गाणं लागल्यासारखे ऐकत राहिले, शिळेच्या जागी त्यांनी मान किंचित हलवलीसुद्धा. त्यांना यात नवीन काही नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"तिला वाटतं तिला झोप लागत नाही," काका म्हणाले. "सगळ्यांना सांगते. आता कशाला तिचं मोडायचं?"

मग तिनं तिसरी लावली. काकांची मान हलायची थांबली. त्यांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा दुसरा कोण?"

दुरुस्तीवालीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"छे!" काका म्हणाले. परत ऐकलं. "छे, छे." मग त्यांनी हेडफोन हळूच खाली ठेवला. आपण मोजलेल्या गावात एक अख्खी टेकडी राहून गेल्याचं निवृत्तीनंतर कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले. "आणि मी तिला खोटं पाडत होतो."

"पण त्याही..." दुरुस्तीवालीनं सुरुवात केली.

"ते नाही बोलायचं," काका झटकन म्हणाले.

काकू आल्या त्या नोंदवही, दोन कार्बन आणि नाकावर चष्मा अशा थाटात. त्यांनी खुर्ची ओढली, वही उघडली, वर तारीख घातली, मग वेळ घातली. "हं," त्या म्हणाल्या. "निशाणी एकपासून सुरू कर. आवाज मोठा ठेव, मला नीट नोंद घ्यायचीय."

दुरुस्तीवालीचा हात हेडफोनच्या वायरपाशी घुटमळला. वायर उपटली की दोन वाक्यांत सगळं उघड होणार होतं. तिनं काकांकडे पाहिलं.

काका उठून उभे राहिले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात राहतात तसे.

"वाजवायची गरज नाही," ते म्हणाले. "मी घोरतो."

काकूंचं पेन कागदाला टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. "काय म्हणालात?"

"मी घोरतो. पहिल्यापासून घोरत असणार. तुझं बरोबर होतं. मी चुकलो."

ज्या गोष्टीची माणसानं चौतीस वर्षं वाट पाहिली ती अशी अचानक, चहाच्या वेळेआधीच मिळाली तर काय करायचं असतं, हे काकूंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. त्यांना रडू येतंय की हसू, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांना संशय आला.

"एवढ्यात कसं काय पटलं? वर्गासाठी म्हणताय ना? अशी दबावाखालची कबुली चालत नाही. वाजव गं तू. ऐकू दे मला पण."

"अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला?" काका म्हणाले. त्यांनी एक पाऊल लॅपटॉपच्या आणि काकूंच्या मध्ये टाकलं. "मी ऐकलं आत्ता. माझ्या कानांनी ऐकलं. शपथेवर सांगतो, खरंच मीच होतो. आणि आरोपीनं गुन्हा कबूल केल्यावर पुरावा वाजवत बसायचं नसतं, हे तूच मला सांगितलं होतंस. कोर्टाचा वेळ जातो."

काकूंनी विचार केला. मुद्दा कायद्याचा होता आणि बिनतोड होता.

"जातो खरा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी लिहायला घेतलं. खालचे दोन कागद सरळ धरून, एका हातानं कार्बन दाबत, मोठ्यांदा उच्चारत लिहिलं, की आरोपी, व्यवसाय निवृत्त मोजणीदार, हा कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीत असे कबूल करतो की तो लग्नाच्या दिवसापासून आजतागायत घोरत आलेला आहे व त्यामुळे फिर्यादीची झोप झालेली नाही. 'झोप झालेली नाही' पाशी काकांनी खोकून घेतलं. पण सही केली. तीन प्रतींवर, तिन्ही ठिकाणी सारखी.

दुरुस्तीवाली पडद्याकडे बघत बसली होती. हसू आवरायला पडद्याइतकी चांगली जागा नाही.

काकूंनी स्वतःच्या हातानं पुसलं. आधी मूळ प्रत, मग दुय्यम, मग कार्यालयीन. लॅपटॉपनं प्रत्येक वेळी 'नक्की?' असं विचारलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी मान हलवून 'हो' म्हणत बटण दाबलं. पुसलेल्या फायली आधी कचरापेटीत जातात आणि तिथून पुन्हा काढता येतात, हे दुरुस्तीवालीनं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगली पद्धत आहे," आणि थोड्या घुटमळल्या. काका श्वास रोखून उभे. मग काकूंनी कचरापेटीही रिकामी केली.

"संपलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा ओलसर होता. "आता कसं मोकळं मोकळं वाटतंय."

जागा भरपूर झाली होती. अपडेट नवव्यांदा सुरू झालं. काकूंनी सगळ्यांना चहा दिला, आपला कप घेऊन खिडकीशेजारच्या वेताच्या खुर्चीत टेकल्या आणि कबुलीजबाब पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. दुपारचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. "दोन मिनिटं नुसती मान टेकते," त्या म्हणाल्या. "झोप काही मला लागायची नाही."

एकेचाळीस टक्के झाले. लॅपटॉप एकदा बंद होऊन चालू झाला. काकांनी सोमवारच्या पहिल्या धड्याचा कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीनं एक रेघ आखायला घेतली.

साठ टक्क्यांना खिडकीच्या बाजूनं कुणी तरी लाकूड ओढल्यासारखा आवाज आला. थांबला. मग बारीक शीळ. काकांनी पेन्सिल ठेवली, उठले, कागद काकूंच्या मांडीवरून घसरत होता तो उचलून वहीत ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन पंखा शेवटच्या आकड्यावर केला. पंखा जुना होता. तो खडखडायला लागला.

"फार आवाज करतो हा पंखा," काका दुरुस्तीवालीला म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. "आमच्याकडेही आहे असाच."

ऐंशी. ब्याऐंशी. त्र्याऐंशीवर आकडा आला आणि थांबला. काकांनी हात मांडीवर घेतले. दुरुस्तीवालीनं लॅपटॉपच्या कडेवर दोन बोटं ठेवली आणि "चल रे, चल शहाण्या," असं पुटपुटली. वर्तुळ गरगरत होतं. खडखडत्या पंख्याखाली, त्याला पुरून उरून, करवत संथ चालली होती. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. सोमवार, तीस विद्यार्थी, दुसरे एक सर, सगळे त्या एका आकड्यावर येऊन उभे होते.

चौऱ्याऐंशी.

"गेलं!" काकांनी टेबलावर अशी थाप मारली की कप उडाला. "पुढे गेलं!"

वेताच्या खुर्चीतली करवत मध्येच तुटली. काकू दचकून ताठ झाल्या, आपल्याला नेमकी कशानं जाग आली ते न कळून इकडे तिकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर काकांवर स्थिरावली.

"झालं सुरू?" त्या म्हणाल्या. "सही वाळली नाही अजून! डोळे मिटते न मिटते तोच घोरायला लागलात. केवढ्यानं! मी दचकले."

काका सरळ बसलेले होते. डोळे टक्क उघडे, हातात पेन्सिल, पुढ्यात अर्धी आखलेली रेघ.

"लागला खरा डोळा," ते म्हणाले.

"तू ऐकलंस ना गं?"

दुरुस्तीवालीनं पडद्यावरून नजर हलवली नाही. आकडा आता भराभर चढत होता. "ऐकलं, काकू. चांगलंच ऐकलं."

"बघा," काकू समाधानानं म्हणाल्या आणि मान पुन्हा टेकली. "परवा त्या तीस मुलांसमोर तरी जागे राहा म्हणजे झालं."

"प्रयत्न करतो," काका म्हणाले, आणि राहिलेली रेघ पूर्ण करायला लागले.